ऑपरेशन यशस्वी, पण पेशंट जाणार कुठे? (बेघर माणसं आणि मोठ्या सर्जरीनंतरचे दिवस)

टाके_काढणारी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बराच काळ वाचनमात्र आहे, आज लिहायचंच ठरवलं. मी सर्जिकल वॉर्डात नर्स आहे आणि माझ्याकडे मुख्यतः डिस्चार्जचं काम असतं, म्हणजे कागद समजावून सांगायचा, गोळ्या कधी, ड्रेसिंग कधी, टाके कधी काढायचे, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही. तर तो कागद रोज वाचून वाचून एक गोष्ट डोक्यात बसलीय. त्यातली प्रत्येक ओळ पेशंटला घर आहे असं धरूनच लिहिलेली असते. आराम करा. जखम कोरडी ठेवा. पाय उशीवर उंच ठेवा. जड उचलू नका. ताप आला तर फोन करा. ज्याला झोपायला जागाच नाही त्याने यातलं नक्की काय करायचं?

बायपासचंच घ्या. छातीचं हाड मधोमध कापून परत तारेने बांधलेलं असतं, ते जुळायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात, कधी जास्तही. तोवर ४-५ किलोच्या वर काही उचलायचं नाही, आणि उठताना हातांवर जोर द्यायचा नाही. आता रस्त्यावर राहणाऱ्या माणसाचं सगळं सामान एका पिशवीत असतं, ती पाच किलोपेक्षा जड असते आणि खाली ठेवून कुठे जाता येत नाही कारण परत येईपर्यंत ती नसते. आणि जमिनीवर झोपलेलं माणूस हातांवर जोर न देता कसं उठणार, तुम्हीच करून बघा एकदा. शिवाय बायपाससाठी पायातली शीर काढलेली असते बहुतेकांची. जागा नाही म्हणून माणूस रात्रभर खुर्चीत किंवा बाकावर बसून झोपतो, पाय खाली लोंबकळतात, सुजतात, आणि पोटरीवरची जखम उसवते. वर लघवी जास्त होण्याची गोळी दिलेली असते, अंगावरचं पाणी उतरायला. रात्री संडास बंद असतात. मग माणूस काय करतो, ती गोळीच घेत नाही. आणि दम लागून परत आमच्याकडे येतो.

हृदयाचं काम एकदम झकास झालेलं असतं हां. सर्जनच्या हिशोबात केस यशस्वीच.

माझं म्हणणं एवढंच की राहायला जागा आहे का हा प्रश्न आम्ही शेवटच्या दिवशी विचारतो, कपडे बदलून पेशंट बसलेला असताना. तो ऑपरेशनच्या आधी विचारायला हवा, कारण उत्तर "नाही" असेल तर ऑपरेशन कसं करायचं हेच बदलू शकतं. यातल्या लोकांनी आणि यातून गेलेल्यांनी लिहा प्लीज.

भूल_देतो_पण_भुलत_नाही

चांगला धागा. पण ताई, तुम्ही डिस्चार्जपासून सुरू केलंत, अडचण त्याच्या बरीच आधी सुरू होते. भूल देण्याआधी ६ तास घन अन्न नाही, २ तास आधीपर्यंत फक्त साधं पाणी, हा नियम ऐकायला सोपा आहे. पण ज्याला जेवण मिळेल तेव्हाच जेवायचं असतं त्याने समोर आलेलं सोडायचं, आणि ऑपरेशन पुढे ढकललं गेलं तर तो उपास फुकट. आतडं साफ करायचं औषध पिऊन या असं सांगतात, ते प्यायल्यावर पुढचे कित्येक तास संडासाच्या दारातून हलता येत नाही. आणि सगळ्यात मोठी आडकाठी म्हणजे सकाळी येऊन संध्याकाळी जायची ऑपरेशनं. त्यात न्यायला कुणीतरी जबाबदार मोठं माणूस हवं, रात्रभर सोबत हवी. कुणी नसेल तर रद्द. नियम बरोबरच आहे, भुलीनंतर माणूस एकटा सोडणं धोक्याचंच असतं. पण परिणाम काय होतो तर साधा हर्निया रद्द होत होत राहतो, तारखेचा फोन बंद नंबरवर जातो, आणि एक दिवस आतडं अडकून इमर्जन्सीत येतो. मग तेच ऑपरेशन दुप्पट धोक्याचं, पोट उघडून, आयसीयूत मुक्काम. म्हणजे बेघर पेशंटचा निकाल वाईट लागतो त्याचं निम्मं कारण तो टेबलावर पोचतो कोणत्या अवस्थेत हेच आहे.

स्पष्टच_बोलतो

रोष पत्करून लिहितो. हॉस्पिटलचं काम आजार बरा करणं आहे, घर देणं नाही. एक खाट आठवडाभर जास्त अडवली की त्या खाटेवर येणारा दुसरा पेशंट कॉरिडॉरमध्ये पडून राहतो, त्याचाही विचार करा. आणि दुसरं म्हणजे यातल्या बऱ्याच लोकांना दारू असते, नशा असते, निवारा दिला तरी जात नाहीत, गोळ्या दिल्या तर विकतात. सगळा दोष कागदावर ढकलून कसं चालेल?

टाके_काढणारी

खाटेचा मुद्दा मान्य, मी रोज तेच भांडण बघते. पण तुम्ही जी खाट वाचवली म्हणताय तीच तो माणूस पंधरा दिवसांनी परत अडवतो, आणि तेव्हा जखमेत पू झालेला असतो त्यामुळे जास्त दिवस अडवतो. नशेचं म्हणाल तर असते काहींना, नाही कोण म्हणतंय. व्यसन असलेली घरवाली माणसंही आमच्याकडे ऑपरेशनला येतात हो, ती घरी जाऊन बरी होतात. दारू दोघांचीही सारखीच असते, फरक मग कशाने पडतो? निवाऱ्यात का जात नाहीत ते इथे कुणी आतलं असेल तर सांगेल.

रात्रपाळी

मी आतला. रात्र निवाऱ्यात काम करतो. का जात नाहीत ते सांगतो, पण आधी हे ऐका की येतात त्यांनाही आम्ही कितीदा परत पाठवतो. आमच्यासारख्या बऱ्याच ठिकाणी नियम असा की माणसाला स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे, खाटेवर चढणं उतरणं, संडासला जाणं. खाटा दुमजली असतात, खालच्या भरलेल्या असल्या की मांडीचं हाड जोडलेल्या माणसाला वरची देणार का? ऑक्सिजन चालत नाही. ड्रेसिंग करायचा आम्हाला अधिकार नाही आणि येतही नाही. आणि सकाळ झाली की सगळ्यांनी बाहेर, संध्याकाळी परत रांगेत उभं राहायचं, आत घ्यायची खात्री नाही. म्हणजे जो माणूस दिवसा पडून राहायला हवा तोच दिवसभर चालतोय.

वेदनेच्या गोळ्यांचं म्हणाल तर विकतात त्यापेक्षा चोरीला जातात जास्त. जोरदार गोळ्यांची बाटली जवळ आहे हे कळलं की त्या माणसाला रात्री झोप नाही, कारण कुणीतरी त्याच्या झोपण्याचीच वाट बघत असतं. मी लोकांना बाटली आमच्या कपाटात ठेवायला सांगतो पण ते कपाट सगळ्या निवाऱ्यांत नसतं.

आणि एक राग आहे तो काढूनच टाकतो. रात्री अकराला टॅक्सी थांबते, त्यातून हॉस्पिटलचा पट्टा मनगटाला असलेला माणूस उतरतो, ना फोन ना निरोप. आमच्याकडे जागा आहे का हे कुणी विचारलेलं नसतं. कागदावर मात्र "निवाऱ्यात पाठवले" असं लिहून मोकळे. हॉस्पिटलचं नाव नाही घेत.

आकडेबाज

या विषयावर थोडं वाचलंय म्हणून लिहितो. अमेरिकेत न्यू हेवन इथल्या एका अभ्यासात बेघर पेशंटना हॉस्पिटलातून सोडल्यावर जवळजवळ निम्म्या वेळा ३० दिवसांत परत भरती करावं लागलं होतं (२०१३ला छापून आला, त्यात सगळे आजार होते, फक्त सर्जरी नाही हे लक्षात घ्या). शिकागोत चारशेच्या आसपास बेघर पेशंटांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग केला, अर्ध्यांना घर आणि एक केस मॅनेजर (म्हणजे त्यांच्या मागे लागून सगळ्या सोयी लावून देणारा माणूस), अर्ध्यांना नेहमीचं. दीड वर्षात पहिल्या गटाचे हॉस्पिटलातले दिवस साधारण २९ टक्क्यांनी कमी भरले, इमर्जन्सीच्या फेऱ्या २४ टक्क्यांनी. २००९ सालचा निष्कर्ष आहे. @स्पष्टच_बोलतो, खाटांचा हिशोब मांडायचा तर हाही त्यात धरा.

अजून एक. कॅलिफोर्नियात ओकलंडमध्ये पन्नाशीच्या पुढच्या बेघर लोकांचा अनेक वर्षं मागोवा घेतलाय, तिथे दिसलं की पन्नाशीतल्या या लोकांना पडणं, विसरणं, चालता न येणं असले त्रास सत्तरी पार केलेल्यांइतके असतात. सर्जरीच्या आधी वय बघून धोका ठरवतात ना, तिथे हा ५२ वर्षांचा माणूस कागदावर तरुण दिसतो.

फिरता_पत्ता

लिहू का नको करत होतो. माझं आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी गाडीत राहत होतो. नोकरी गेली, मग खोली गेली, गाडी तेवढी उरली. हॉस्पिटलात पत्ता विचारला तर मी जुन्या खोलीचाच सांगितला, लाज वाटते हो, आणि कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही.

पोटावर पिशवी बसवली होती, तात्पुरती, लहान आतड्याची, म्हणजे शौच त्या पिशवीतच जमा होतं. ही पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची असते, दिवसातून पाच सहा वेळा तरी, नाहीतर वजनाने सुटते. आणि तीन चार दिवसांनी पूर्ण बदलायची, त्याला कोमट पाणी, कोरडी त्वचा, आरसा, निवांत अर्धा तास. मला सार्वजनिक संडास शोधत फिरावं लागायचं, तिथे बाहेर रांग, लोक दार वाजवतात, आत टेकायला जागा नाही. मग मी युक्ती काढली, कमी खायचं, कमी प्यायचं, म्हणजे पिशवी कमी भरेल. आणि हेच नेमकं करायचं नसतं कारण या पिशवीतून पाणी नि मीठ आधीच भरपूर जातं. पायात गोळे यायला लागले, चक्कर, लघवी जवळपास बंद, शेवटी किडनीवर ताण येऊन परत सलाईनवर. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं पाणी का पीत नव्हता, सांगितलं होतं ना. मी म्हटलं संडास नाही. ती थांबली, पेन खाली ठेवलं आणि म्हणाली हे आम्हाला माहीतच नव्हतं. तिचा राग नाही आला मला, खरंच माहीत नव्हतं तिला.

सीट मागे पाडून झोपायचो, पोटाचे टाके ओढायचे ते वेगळंच.

कुतूहल

@फिरता_पत्ता, लिहिलंत ते बरं केलंत. आता ठीक आहात ना?

मला एक कळलं नाही, धागाकर्ती म्हणतात ऑपरेशन कसं करायचं तेच बदलू शकतं. म्हणजे कसं? ऑपरेशन तर ऑपरेशन असतं ना?

हाडं_जोडणारा

मी सांगतो, ऑर्थोत आहे. एकाच आजाराला बऱ्याचदा दोन तीन मार्ग असतात आणि त्यातला कुठला निवडायचा हे पेशंट नंतर काय करू शकेल यावर ठरतं. नडगीचं हाड मोडलं की बाहेरून सळ्या लावून चौकट बसवता येते किंवा आत रॉड घालता येतो. बाहेरच्या सळ्यांची भोकं नियमित स्वच्छ ठेवावी लागतात, आंघोळीला पाणी नाही त्या माणसाला ती चौकट म्हणजे पू होण्याची सोय. जखम आणि हाड परवानगी देत असेल तर मी आतला रॉड बघतो. त्वचेला वरून टाके घातले तर १०-१४ दिवसांनी काढायला यावं लागतं, आतून विरघळणारे घातले तर ती फेरीच नको. खुब्याचा सांधा बदलला तर मागच्या बाजूने केलेल्या ऑपरेशननंतर पाय काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नसतो, नाहीतर गोळा खोबणीतून निसटू शकतो, आणि जमिनीवरून उठताना तो वाकतोच. पुढून केलं तर बंधनं थोडी कमी. शिवाय रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पाच आठवड्यांपर्यंत इंजेक्शन देतात, ती कोण टोचणार, सुया कुठे टाकणार, त्याजागी गोळी चालेल का हे आधीच बघायचं.

हाडात इन्फेक्शन असेल तर पूर्वी सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, त्यासाठी दंडात लांब नळी. ती नळी घेऊन रस्त्यावर कुणी पाठवत नाही, मग माणूस सहा आठवडे भरती राहतो किंवा कंटाळून निघून जातो. आता आठवडाभर टिकणारी काही औषधं आहेत, दोन डोसात बरंच काम होतं. सगळ्या जंतूंना चालत नाहीत पण चालतात तिथे फार मोठा फरक पडतो.

हृदयवाल्यांकडे हाच प्रश्न झडपेचा. धातूची झडप टिकते खूप पण जन्मभर रक्त पातळ करायची गोळी आणि सारखी रक्ततपासणी, ती चुकली तर झडपेवर गुठळी. प्राण्याच्या ऊतीची झडप दहा पंधरा वर्षांत खराब होऊ शकते पण ती कटकट नाही.

स्पष्टच_बोलतो

हे वाचून उलट जास्त शंका आली. म्हणजे गरिबाला कमी टिकणारी झडप आणि श्रीमंताला टिकाऊ? ४० वर्षांच्या माणसाला तुम्ही आज घर नाही म्हणून ऊतीची झडप बसवलीत आणि पुढच्या वर्षी त्याला घर मिळालं तर? पंधरा वर्षांनी परत छाती उघडायची. याला दुय्यम उपचार नाही तर काय म्हणायचं?

हाडं_जोडणारा

शंका एकदम रास्त आहे, आणि हा धोका खरा आहे. अवयव प्रत्यारोपणात तर राहायला जागा नाही, सोबतीला माणूस नाही म्हणून यादीतच नाव न घेणं हे घडतं, कारण गोळ्या १२ १२ तासांनी न चुकता, नाहीतर अवयव गेला. माझ्यापुरता मी असा फरक करतो: विरघळणारे टाके, रॉड, दोन डोसांचं औषध, यात पेशंटचं काही कमी होत नाही, ते बिनधास्त बदलावं. झडपेसारखं जिथे काहीतरी कायमचं हातातून जातं तिथे पेशंटला बसवून सगळं सांगायचं आणि ऑपरेशन थांबू शकत असेल तर आधी जागेची व्यवस्था होतेय का बघायची. डॉक्टरने मनातल्या मनात ठरवून टाकायचं नाही.

टाके_काढणारी

+१. आणि "थांबू शकत असेल तर" हा कळीचा भाग. इमर्जन्सीत काही थांबत नाही पण ठरवून केलेल्या सर्जरीत तारखेच्या आधीचे आठवडे असतात की, ते आपण रक्त आणि ईसीजी तपासण्यात घालवतो. त्याच वेळात सोशल वर्करला बोलावलं तर काहीतरी हाती लागतं. डिस्चार्जच्या सकाळी बोलावलं तर ती बिचारी फोन फिरवत बसते.

कुतूहल

पण व्यवस्था म्हणजे नक्की कुठे? निवारा चालत नाही असं रात्रपाळी म्हणतात, हॉस्पिटलात ठेवता येत नाही. मधलं काही असतं का?

आकडेबाज

असतं. इंग्रजीत त्याला मेडिकल रेस्पाइट म्हणतात. हॉस्पिटलात ठेवण्याइतका आजारी नाही पण रस्त्यावर बरा होणार नाही अशा माणसासाठी खाट, दिवसाही झोपता येईल अशी, नर्स, ड्रेसिंग, गोळ्या कुलुपात, आणि तेवढ्या काळात पुढच्या घरासाठी कागदपत्रं. वॉशिंग्टनमध्ये क्राइस्ट हाउस १९८५ पासून आहे, बोस्टनमध्येही बेघरांसाठीचा आरोग्य कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला, त्यांच्या बार्बरा मॅकइनिस हाउसमध्ये आता शंभरच्या वर खाटा आहेत. शिकागोत २००६ साली छापलेल्या तुलनेत अशा ठिकाणी गेलेल्यांचे पुढच्या वर्षभरातले हॉस्पिटलातले दिवस न गेलेल्यांच्या निम्म्याहून कमी होते. त्यात चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, त्यामुळे जरा जपून घ्या.

लंडनला वेगळा प्रकार. युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलात २००९ पासून बेघरांसाठी खास टीम, त्यात डॉक्टर, नर्स आणि पूर्वी स्वतः बेघर राहिलेली माणसं, वॉर्डात फिरून पेशंटशी बोलतात. या प्रकाराची चाचणी दुसऱ्या दोन हॉस्पिटलांत घेतली तेव्हा मुक्काम कमी झाला नाही, पण नंतर रस्त्यावर झोपणाऱ्यांचं प्रमाण घटलं. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण मॅनेजमेंटला मुक्काम कमी करून दाखवा म्हटलं की असल्या टीम नापास होतात.

कायद्यांचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१८ पासून हॉस्पिटलांना बेघर पेशंटची माहिती, त्याच्या संमतीने, स्थानिक प्रशासनाला कळवावी लागते. कॅलिफोर्नियात २०१९ पासून बेघर पेशंट सोडताना जेवण, हवामानाला साजेसे कपडे, औषधं, जाण्याची सोय हे बघावं लागतं.

रात्रपाळी

कपडे आणि जेवण देऊन टॅक्सीत बसवलं की कायदा पूर्ण, बरोबर ना? माझ्या दारात टॅक्सी येणारच.

आकडेबाज

हो, तो कायदा घर देत नाही. जागा रिकामी असेल तरच पुढचं सगळं. रेस्पाइटच्या खाटाही गरजेच्या मानाने फारच थोड्या.

भूल_देतो_पण_भुलत_नाही

अवांतर: आजारांच्या कोडच्या यादीत बेघर असण्याला स्वतंत्र कोड आहे, आयसीडी-१० मध्ये झेड ५९.०. मी तरी तो सर्जरीच्या कागदावर क्वचितच भरलेला बघितलाय. मधुमेह लिहितात, बीपी लिहितात, हे लिहीत नाहीत. मग ऑडिटमध्ये जखम का चिघळली त्याची कारणं शोधताना साखरेवर खापर फुटतं.

फिरता_पत्ता

@कुतूहल, ठीक आहे आता, पिशवी निघाली, राहायला खोली आहे.

कुणी सध्या त्या अवस्थेत असेल आणि हे वाचत असेल तर, पत्ता खोटा देऊ नका. दाखल होतानाच सांगा की राहायला जागा नाही, आणि नर्सला सांगा, डॉक्टर घाईत असतात. संडास, पाणी, झोपायची जागा, फोन चार्ज करायची सोय यातलं काय आहे काय नाही ते एकेक करून सांगा, "अडचण आहे" एवढ्याने त्यांना काही कळत नाही. ड्रेसिंगचं सामान आणि पिशव्या जास्तीच्या मागून घ्या. औषधं त्याच दिवशी हातात मागा, चिठ्ठी नको.

कुतूहल

विरघळणारे टाके पेशंट स्वतः मागू शकतो का? की डॉक्टरला राग येतो?

हाडं_जोडणारा

राग कशाला येईल, मागा की. सगळीकडे चालत नाहीत, गुडघ्यासारख्या ताण पडणाऱ्या जागी किंवा जखम आधीच घाण असेल तर मी वरचेच घालतो. पण मग मला माहीत असेल की हा परत येऊ शकणार नाही, तर निदान टाके काढायचं सामान रात्रपाळींच्या निवाऱ्यात जाणाऱ्या नर्सकडे पाठवता येतं.

रात्रपाळी

आमच्याकडे नर्स गुरुवारी येते. फक्त गुरुवारी. ते धरून तारीख द्या.